चिमणीचा धूर आणि दोन बादल्या

चिमणीच्या धुरावर भरवसा ठेवून मी विमान उलट्या बाजूने उतरवलं.

धावपट्टीच्या टोकाला वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी होती. ती बघूनच उतरायचं, हे विमान शिकवणाऱ्या सरांनी निदान पन्नास वेळा सांगितलं असेल. पण मी वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेला. आमची आई अंगणात पापड घालण्याआधीसुद्धा चिमणीचा धूर कुठे चाललाय ते बघायची. धूर वरचा वारा सांगतो, जमिनीवरचा नाही, हे आईला ठाऊक नसलं तरी चालत होतं. पापडांना कुठे उतरायचं होतं?

वारा हलकाच होता, म्हणून शेजारी बसलेल्या सरांनी मला माझी चूक पुरी करू दिली. वारा पाठीवर घेतलेलं विमान थांबायला तयार होईना. तीन उड्या मारून आम्ही पट्टीपलीकडच्या गवतात शिरलो.

माझ्याबरोबर शिकणारा एक नागपूरकर होता. तो खाली उभा राहून उड्या मोठ्याने मोजत होता. मी उतरताच म्हणाला, "काऊन बे बेडका, तीनच? दम लागला का?"

त्या दिवसापासून मी बेडूक. चहाला बेडूक, वर्गात बेडूक. पट्टीवरची ढोरं हाकणारा चौकीदारही मला पाहून तोंडावर दुपट्टा धरू लागला.

मी सूड घ्यायचं ठरवलं. विमान शिकताना दाखवली नव्हती एवढी चिकाटी त्यात दाखवली.

आम्हा दोघांना एकट्याने उडवू द्यायचं की नाही, हे सर एकाच सकाळी ठरवणार होते. आधी सरांना बरोबर घेऊन एक फेरी मारायची. नीट उतरलं की सर खाली उतरणार आणि पोरगा एकटा वर जाणार. एकटा जाऊन आलेल्यावर बादलीभर पाणी ओतायची आमची रीत. मी मूल गावच्या बाजारातून मुरमुऱ्याचे लाडू आणले आणि चौकीदाराला व पट्टीकडेच्या गवत कापणाऱ्या बायांना वाटले. काम एकच, विमानाने उडी मारली की सगळ्यांनी एका सुरात मोजायचं. तीन दिवस तालीम घेतली.

"पन कोनाच्या उड्या मोजाच्या, भाऊ?" चौकीदाराने विचारलं.

"जो मारंल त्याच्या," मी म्हणालो. इथेच माझी अक्कल संपली.

त्या सकाळी चौकीदाराने दोन बादल्या भरून ठेवल्या. पहिला नंबर नागपूरकराचा. सरांसोबत उतरला तो लोण्यावर सुरी टेकावी तसा. मग एकटा गेला, तसाच उतरला. बाया विळे हातात धरून ताटकळल्या, मोजायला काही मिळेना. एक बादली त्याच्यावर रिकामी झाली.

मग मी. उतरताना नजर पट्टीच्या पार टोकाला ठेवायची, तरच जमीन किती खाली आहे ते कळतं. माझी नजर होती बायांच्या घोळक्यात ओल्या कपड्यांनी उभ्या असलेल्या त्या माणसावर. याच्याहून हळुवार उतरून दाखवतोच, म्हणून मी नाक वर ओढलं, ते पुरुषभर उंचीवरच. विमान धपकन आपटलं आणि उसळलं.

"एक!" बाया ओरडल्या.

"पावर दे, परत वर चल!" सर ओरडले. उसळलं की हेच करायचं असतं. पण परत फिरलो तर तो हसेल! नाक खाली घालायला मी दांडी पुढे दाबली, जी उसळल्यावर कधीही दाबायची नसते.

"दोन! तीन!" चौथ्याला सरांनी दांडी माझ्या हातून घेतली, तरी "चार!" झालंच. तालीम पक्की होती. सगळ्यांत मोठा आवाज नागपूरकराचा.

सर उतरले, पण मला एकटं सोडायला नव्हे. ते सरळ चहाकडे गेले. मी विमानातच मान खाली घालून बसून राहिलो.

चौकीदार दुसरी बादली घेऊन जवळ आला. आत डोकावून म्हणाला,

"भाऊ, हे बादली ठेवू, का ढोरायले पाजून टाकू?"