गव्हाणीच्या खोलीतले आम्ही चौघे

असे किस्से साठत जातात, त्याचं कारण सोपं आहे. सांगायला माणूस मिळत नाही. नातेवाइकांना सांगावं तर हसतात, आणि एखाद्या भाविकाला सांगावं तर तो आणखी एक नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुचवतो. आमच्यासारख्याला नोव्हेना सुचवणं म्हणजे डायबेटिसवाल्याला जिलबी वाढणं!

मरोळच्या आमच्या चर्चमागे एक खोली आहे. ख्रिसमसच्या गव्हाणीचे पुतळे वर्षभर तिथे पडून असतात. नाक फुटलेला योसेफ, तीन मेंढ्या, एक उंट. त्यांच्यामध्ये खुर्च्या टाकून दर शनिवारी चार वाजता आम्ही बसतो. फ्रान्सिस अंकल, फिलूमावशी, मी बेनी, आणि ज्यांनी हे सगळं सुरू केलं ते आमचे फादर.

फादर सोडले तर तिघांचा आजार एकच. प्रार्थना करताना लक्ष उडालं, पाप सांगताना काहीतरी राहिलं, मनात घाण विचार आला, आता देव सोडत नाही. म्हणून परत पहिल्यापासून. मग परत. डॉक्टर याला ओसीडी म्हणतात. आम्ही चाळीस वर्षं याला भक्ती म्हणत होतो.

*

खोलीचं दार बंद असतं आणि बाहेर पडताना आमचे चेहरे उतरलेले असतात. त्यामुळे गावठाणात सगळ्यांची समजूत झाली की हा दारू सोडवणारा ग्रुप आहे.

शेजारच्या रॉकीने एकदा मला जिन्यात गाठलं आणि हळू आवाजात विचारलं, कसं चाललंय अंकल? त्या दिवशी मी सकाळची प्रार्थना अकरा वेळा म्हटली होती. कंटाळून खरं ते सांगितलं, की आज सकाळीच परत झालं.

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "होतं अंकल. त्यात काय? उद्या परत ट्राय करायचं."

इतका चांगला सल्ला मला तोवर कोणी दिला नव्हता.

*

फ्रान्सिस अंकलचं दुखणं म्हणजे क्रूस. आमच्या गावठाणात कोपऱ्याकोपऱ्यावर क्रूस आहेत. प्रत्येकासमोर मान झुकवायची, तीही मनापासून. मनापासून झाली की नाही अशी शंका आली की मागे फिरायचं. घरापासून चर्च पाच मिनिटांवर, आणि अंकलना लागायचा पाऊण तास. मिस्सेची उपासना संपून लोक बाहेर यायचे तेव्हा हे आत शिरायचे.

शेवटी बायकोने रिक्षा लावून दिली. रिक्षावाला जौनपूरचा, नमाजी माणूस. अंकल त्यालाही मागे वळवायला लावायचे आणि तो बिचारा वळवायचा. एका रविवारी एकाच क्रुसाला चौथी फेरी झाली, तेव्हा त्याने रिक्षा बंद केली आणि मागे वळून म्हणाला, "चाचा, ऊपरवाले ने देख लिया. मैंने भी देख लिया. अब चलें?"

अंकल हे सांगताना पोट धरून हसतात. हसता हसता मुलीच्या लग्नावर येतात. त्या मिस्सेलाही ते असेच उशिरा पोचले होते. बापाने हात धरून न्यायचं, त्या पोरीला वेदीपर्यंत काकांनी नेलं.

*

फिलूमावशी सत्तरीची, विधवा. मे महिन्यात क्रुसापुढे सगळ्यांनी मिळून म्हणायची लितानीची प्रार्थना होते, तेव्हा सगळ्या गावठाणासाठी चणे तीच उकडते. उभ्या जन्मात तिच्या तोंडून शिवी गेलेली नाही, मासळीबाजारातसुद्धा नाही. आणि नेमकी मिस्सेत फादरनी पवित्र भाकर वर उचलली की तिच्या मनात शिव्या सुरू! अशा शिव्या, की तिला त्या ठाऊक तरी कुठून झाल्या, हे तिलाच कळत नाही.

तिने पापनिवेदन करून पाहिलं. यादी लिहून न्यायची, म्हणजे काही राहायला नको. बाहेर यायची, काहीतरी आठवायचं, परत रांगेत. एका शनिवारी तिसऱ्यांदा गेली तेव्हा फादर म्हणाले, "फिलू, कानाने अधू मी आहे, देव नाही. आणि मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकलं होतं."

ती हसली, घरी गेली आणि दुसऱ्या दिवशीही मागच्या बाकावरच बसून राहिली. अकरा वर्षं ती तशी बसली. सगळी रांग भाकर घ्यायला पुढे जायची आणि ही पाय आखडून लोकांना वाट करून द्यायची. असल्या तोंडात येशूचं शरीर कसं घेऊ, म्हणायची. मला ते बघवत नसे.

*

फादरनीच आम्हाला डॉक्टरांकडे नेलं. पार्ल्याच्या एक बाई, कडक. गोळ्या दिल्या आणि गोळ्यांपेक्षा कडू होमवर्क दिलं. रोज एक प्रार्थना सुरू करायची आणि मुद्दाम मध्येच सोडायची. पूर्ण करायची नाही, परत म्हणायची नाही. भीती वाटेल, वाटू द्यायची.

फादरनी 'आमच्या बापा' ही प्रार्थना निवडली आणि थांबायची जागाही ठरवून दिली. रोजची भाकर मागून झाली की, पापांची क्षमा मागायची ओळ यायच्या आधीच, उठायचं.

फिलूमावशी भडकली. "भाकर मागायची आणि ताट यायच्या आत उठायचं? आपल्यात ही रीत आहे होय?"

फादरनी तिला येशूच्या शिष्याची, पेत्राची आठवण करून दिली. पाण्यावर चालता चालता तो बुडायला लागला आणि ओरडला, प्रभू, वाचव. प्रार्थना तेवढीच. "येशूने आधी हात दिला, फिलू. नीट म्हण, मग काढतो, असं नाही म्हणाला."

मावशीने ऐकून घेतलं, पण होमवर्क काही केलं नाही. पुढच्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

*

माझं मी फार दिवस सांगितलं नव्हतं. मरोळच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं इन्स्पेक्टर होतो. पार्टला गेज लावून माप तपासायचं, शंका आली की परत लावायचं. ज्या गोष्टीसाठी साहेब शाबासकी द्यायचे, तिनेच घरी माझी वाट लावली.

आई शेवटच्या घटका मोजत होती त्या दुपारी मी शेजारच्या खोलीत होतो. तिच्याचसाठी प्रार्थना करत होतो. लक्ष उडालं म्हणून परत सुरू केली. बायकोने दोनदा हाक मारली. झालंच, आलो, म्हटलं. सातव्यांदा सुरू केली होती तेव्हा आई गेली. मध्ये एक दार होतं, तेही उघडंच.

हे मी त्या मेंढ्यांकडे बघत सांगितलं. फ्रान्सिस अंकल रडायला लागले. फिलूमावशी उठली, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि माझे दोन्ही हात धरून ठेवले.

*

यंदा लितानीचे चणे मावशीने उकडले नाहीत. पोटात गाठ निघाली, तीही उशिरा. अंधेरीच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी तिच्या भाच्याला सांगितलं की आता दिवसच उरलेत.

फादर पवित्र भाकर घेऊन दोनदा गेले आणि दोनदा तशीच परत आणली. मावशी म्हणायची, मन अजून साफ नाही. एकदा प्रार्थना नीट होऊ दे, मग घेते. आम्हाला एकच धास्ती होती, की अशीच जायची ही, रांगेला वाट करून देत.

तिसऱ्यांदा आम्ही सगळेच गेलो. अंकलची रिक्षा होती. वाटेत दोन क्रूस लागले, अंकलनी थांबवली नाही. मुठी मात्र आवळलेल्या होत्या.

सकाळची वेळ होती. मावशी उशाला टेकून बसली होती, अगदी एवढीशी झालेली. फादरनी छोटी डबी टेबलावर ठेवली. भाकर द्यायच्या आधी 'आमच्या बापा' म्हणायची असते. फादर सुरू करणार तेवढ्यात मावशीने हात वर केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बेनी, आई गेली तेव्हा तुझी कितवी चालली होती?"

"सातवी, मावशी."

तिने मान हलवली. मग आम्हाला गप्प राहायला सांगून तिने एकटीनेच प्रार्थना सुरू केली. आवाज फुटत नव्हता. मध्ये एकदा अडखळली, चेहरा कसनुसा झाला. काय आलं असेल मनात ते आम्हा तिघांना कळलं. मागे वळली नाही. रोजची भाकर मागितली.

आणि तिथे थांबली. डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

फादरनी डबी उघडली.

पुढची ओळ आमच्यापैकी कोणीच म्हटली नाही.