अण्णांना न सांगितलेला विनोद

आज शेजारच्या घरातून व्हॅनिलाचा वास आला आणि मुरुम गावातलं आमचं स्वयंपाकघर आठवून मला पुन्हा लाज वाटली.

आई वाळू घातलेल्या कुकरात केक भाजत होती. मी खाली बसून तिला एक विनोदी कादंबरी वाचून दाखवत होते. नवरदेवाचा घोडा भलत्याच मांडवात शिरला आणि हसून हसून आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात माझे वडील, अण्णा, मोर्चाहून आले. घसा बसलेला, काखेत पत्रकं. ती पत्रकं वाचूनच मी मोठी झाले होते. बाहेर लोक उन्हात लढतायत आणि आपण खिदळतोय, या विचारानं मी पुस्तक ओढणीखाली लपवलं.

"काय झालं एवढं हसायला? मला बी सांगा की," अण्णा म्हणाले.

"काही न्हाय अण्णा. तुमच्या कामाचं न्हाय ते."

"बरं," म्हणून ते केकचा गरम तुकडा घेऊन ओसरीवर गेले आणि एकटेच खात बसले.

तेव्हा मला हसल्याची लाज वाटली होती. आज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. दिवसभर घोषणा देऊन आलेला माणूस घरात थोडं हसू मागत होता. आई त्यांना हाक मारणारच होती, पण मी डोळ्यांनीच तिला गप्प केलं.