क्लेटनला सांगा

अमेरिकेत नेब्रास्कातल्या लिबुशे गावात कुणाचा पियानो दुसऱ्या मजल्यावर चढवायचा असला, चर्चच्या जेवणासाठी टेबलं मांडायची असली, किंवा चिखलात रुतलेला ट्रॅक्टर ढकलायचा असला, की लोक एकच म्हणत, "क्लेटनला सांगा." हे तो दहा वर्षांचा असल्यापासून चालू होतं. आणि हे वळण त्याला लावलं होतं त्याच्या आईनं, व्हर्ना हॉर्कीनं. कुणी मदत मागितली तर नाही म्हणू नये, असं तिनं त्याला सांगितलं होतं. ती गावच्या शाळेत चौथीच्या वर्गावर एकतीस वर्षं होती, आणि तिचं सांगणं मुलं मनावर घेत. पुढे तिला वाटायचं, एखाद्यानं तरी दुर्लक्ष करायला हवं होतं.

शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात क्लेटन गेला तेव्हा प्रशिक्षकानं त्याला विचारलं, "तुला कुठे खेळायचंय?" क्लेटन म्हणाला, "तुम्हाला कुठे कमी पडतंय?" त्याची पुढची सगळी कारकीर्द या एका वाक्यातच ठरली.

तो फुलबॅक झाला. फुलबॅकचं काम असं, की चेंडू दुसऱ्याच्या हातात, टाळ्या दुसऱ्याला, आणि समोरून सुसाट येणारा अडीचशे पौंडांचा गडी तेवढा आपल्या वाट्याला. त्याला डोक्यानं, खांद्यानं, जमेल तसं अडवायचं; मागून चेंडूवाला पळून जातो. त्याचा फोटो छापून येतो, आणि त्या फोटोच्या कडेला जमिनीवर कुणाचे तरी दोन पाय दिसतात. लिबुशेतल्या बेकरीत भिंतीवर असे अकरा फोटो लावलेले आहेत. बेकरीवाला मिलो पेसेक गिऱ्हाइकांना बोट ठेवून दाखवतो, "हे आपल्या क्लेटनचे बूट."

व्यावसायिक संघात निवड होण्याच्या दिवशी त्याचं नाव कुणी पुकारलं नाही. सगळं आटोपल्यावर तळ्याकाठच्या एका मोठ्या शहरातल्या संघानं फोन करून बोलावलं. तिथला मुख्य प्रशिक्षक पहिल्याच दिवशी म्हणाला, "आमच्या पद्धतीत फुलबॅक नसतो. तुला आणखी काय येतं?" क्लेटनला चेंडू झेलता येत होता. किक मारल्यावर मैदानभर धावून समोरच्याला पाडता येत होतं. पायांतून मागे चेंडू फेकणारा गडी आजारी पडला तेव्हा क्लेटन ते एका दुपारी शिकला. सरावात दर आठवड्याला तो पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या नामांकित धावपटूची नक्कल करी, म्हणजे आपल्याच लोकांना त्याला आपटायची सवय व्हावी.

नऊ वर्षांत पाच मुख्य प्रशिक्षक आले. प्रत्येकानं आल्या आल्या जाहीर केलं की फुलबॅक ही जुनी गोष्ट झाली. मग प्रत्येकाला कधी ना कधी चेंडू पुढे न्यायला एक यार्ड जमीन हवी असे आणि ती घ्यायला कुणी तयार नसे. "क्लेटनला सांगा," तेही म्हणत. टीव्हीवरचे समालोचक त्याला अष्टपैलू म्हणत. व्हर्नानं हा शब्द इतक्यांदा ऐकला, की तिला त्याचा अर्थ नीट कळला: ज्याच्यावाचून सगळ्यांचं अडतं, पण ज्याची जागा कधीच पक्की नसते, तो.

कारण ऑगस्टअखेर दरवर्षी संघ छाटला जायचा. त्या दिवशी एक माणूस खेळाडूंच्या खोल्यांबाहेरून फिरे, दारावर टकटक करी आणि म्हणे, "साहेबांनी बोलावलंय, खेळींची वही घेऊन या." वही परत मागितली की कळायचं, घरी जायचं. नऊ वर्षं तो माणूस क्लेटनच्या दारावरून पुढे गेला. एका वर्षी तर काढून टाकलेल्या मुलांच्या बॅगा गाडीत ठेवायचं कामही त्यानं क्लेटनवरच सोपवलं. क्लेटननं घरी फोन केला आणि सांगितलं, "आई, राहिलो. थोडा उशीर झाला फोनला, सामान फार होतं."

व्हर्ना सामने बघायची, पण चेंडू तिनं कधीच पाहिला नाही. ती क्लेटनच्या पाठीवरचा चव्वेचाळीस नंबर बघायची. गडी एकमेकांवर पडून ढीग झाला, की एकेक जण उठताना ती मोजायची, आणि चव्वेचाळीस उठला की श्वास सोडायची. चेंडू कुठे गेला ते तिला मिलो सांगायचा. "तुझा पोरगा आज टीव्हीवर दिसला, व्हर्ना," तो म्हणायचा. "पाठमोरा."

"पाठ त्याचीच होती ना?"

"पाठ त्याचीच. खाली पडलेला कोण होता ते ठाऊक नाही."

त्या वर्षी जुलैत क्लेटन सुट्टीवर घरी आला, तेव्हा स्वयंपाकघरात व्हर्ना खसखशीचं सारण भरून कोलाचे, म्हणजे गोड पाव, करत होती. तो टेबलाशी बसला आणि बराच वेळ मिठाची डबी फिरवत राहिला.

"आई, तुझ्या वर्गातली मधली मुलं कसं चुकायची?"

"मधली म्हणजे?"

"हुशार नाहीत, ढ पण नाहीत, अशी."

तिनं पीठ तसंच ठेवलं. हंगामाआधी संघाचे डॉक्टर प्रत्येकाची स्मरणशक्तीची परीक्षा घेतात, हे तिला माहीत होतं. दहा शब्द सांगायचे आणि थोड्या वेळानं विचारायचे, आकडे उलटे म्हणायला लावायचे, महिने डिसेंबरपासून मागे. ते मार्क लिहून ठेवतात. पुढे डोक्याला मार बसला, की तीच परीक्षा पुन्हा. मार्क उतरले तर बाहेर बसवतात.

"तू मुद्दाम कमी मार्क मिळवणार," ती म्हणाली.

"सगळेच मिळवतात. पण यंदा नवा डॉक्टर आहे. फार कमी पडले तर पुन्हा घेतो म्हणे. मधले हवेत."

"आणि खरंच मार बसला तर?"

"तर मी सांगेन ना."

"कधी सांगितलंयस?"

त्यानं मिठाची डबी पुन्हा फिरवली. मग म्हणाला, "चार तरुण पोरं आहेत माझ्या जागेवर टपलेली. एकदा बाहेर बसलो की संपलं. मला अजून एक वर्ष खेळायचंय, आई. तू नाही शिकवलंस तर मी माझ्या मनानं चुकेन."

व्हर्नानं तेव्हा त्याला घराबाहेर काढायला हवं होतं, किंवा स्वतः डॉक्टरांना फोन करायला हवा होता. पण ती शिक्षिका होती. आपला मुलगा आपल्या मनानं, वेडंवाकडं चुकणार, ही कल्पना तिला सहन झाली नाही. आणि पकडला गेला तर? तिनं हात पुसले, खुर्ची ओढली.

"हे बघ. ज्याला येत नाही, तो अडखळतो आणि तुमच्या तोंडाकडे बघतो. उत्तर तिथे लिहिलंय का ते शोधतो. तसं करायचं नाहीस. मधला मुलगा चुकतो तो पटकन आणि खात्रीनं. आणि लांबचं चुकत नाही, शेजारचं चुकतो. ऑगस्टच्या आधी जून म्हणतो. सत्तेचाळीसच्या जागी सेहेचाळीस. कळलं?"

"जिल्ह्यांसारखं."

"जिल्ह्यांसारखं," ती म्हणाली.

नेब्रास्कात गाडीच्या पाटीवर आधी जिल्ह्याचा आकडा असतो. एकूण त्र्याण्णव जिल्हे. मागच्या सीटवर बसून पोरं पुढच्या गाड्या ओळखतात. क्लेटन पाच वर्षांचा असताना त्याला सगळे त्र्याण्णव पाठ होते, बावीसचा आपला सलीन, सव्वीसचा अँटिलोप, पार शेवटच्या हुकरपर्यंत. अठ्ठेचाळीसचा रेड विलो त्याला सगळ्यांत आवडायचा. ती गाडी दिसली की तो सीटवर उभा राहायचा.

दोन दुपारी त्यांनी सराव केला. क्लेटन जे शिकवाल ते शिकणाराच होता. ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला, "मधले मिळाले." व्हर्नाला, लाज वाटली तरी, थोडा अभिमानही वाटला.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये सूप होतं आणि मोठ्या पडद्यावर सामना. तिसऱ्या डावात क्लेटन एका धिप्पाड गड्याला आडवा गेला. आवाज हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत आला. ढीग मोकळा झाला. एक उठला, दोन उठले, पाच उठले. व्हर्नाच्या हातातला चमचा तसाच राहिला. मग चव्वेचाळीस उठला, पँट झाडली, आणि सावकाश चालत समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला.

समालोचकांना हसू आवरेना. "अष्टपैलू म्हणतात तो असा," त्यांतला एक म्हणाला. "आता दोन्हीकडून खेळणार."

हॉलमध्ये सगळे हसले. क्लेटनला कडेच्या, डॉक्टरांच्या निळ्या तंबूत नेलं. पाच मिनिटांत तो बाहेर आला, डोक्यावर शिरस्त्राण चढवलं आणि पुढच्या खेळीला आडवा गेला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "काही नाही ग. डॉक्टर म्हणाले, जुलैपेक्षा दोन मार्क जास्तच पडले."

"ऑगस्ट," व्हर्ना म्हणाली. "परीक्षा ऑगस्टमध्ये होती."

"तेच म्हणालो मी."

दुसऱ्या दिवशी बेकरीत ही बातमी आधीच पोचली होती. "टक्कर खाऊन हुशार झालेला आपल्या गावातला पहिलाच," मिलो म्हणाला. "माझ्या जावयाला पाठवू का त्यांच्याकडे?" लोक हसले. व्हर्नाही हसली, कारण हसली नसती तर कुणीतरी विचारलं असतं. ऑगस्टचे मार्क खोटे, हे साऱ्या देशात दोघांनाच माहीत होतं, आणि त्यांतल्या एकाला आता जुलै की ऑगस्ट ते आठवत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात संघाला सामना नव्हता. क्लेटन लिंकनच्या विमानतळावर उतरला. व्हर्ना गाडी घेऊन आली होती, पण किल्ली त्यानंच मागून घेतली. दोन्हीकडे मका कापून झाला होता, रस्ता मोकळा होता. पुढे एक पांढरा पिकअप चालला होता. पाटीवर अठ्ठेचाळीस.

व्हर्नानं हे ठरवून ठेवलं नव्हतं. पण पाटी समोर आल्यावर तिच्यानं राहवलं नाही.

"अठ्ठेचाळीस," ती म्हणाली, अगदी सहज.

क्लेटन हसला. मग हसू तसंच ओठांवर राहिलं. "थांब. माहितेय मला." मैलभर रस्ता गेला. "होल्ट?" त्यानं विचारलं, आणि मान वळवून आईच्या तोंडाकडे पाहिलं.

होल्ट छत्तीसचा. व्हर्नानं आपला चेहरा कोरा ठेवला, एकतीस वर्षं वर्गात ठेवत आली तसा.

"मुद्दाम म्हटलं," तो म्हणाला. "तुझी परीक्षा घेत होतो."

"मुद्दाम चुकला असतास तर व्हॅली म्हणाला असतास. सत्तेचाळीस. आणि पटकन."

पिकअप पुढच्या वळणावर निघून गेला. क्लेटननं गाडी धान्याच्या कोठाराजवळ बाजूला घेतली आणि बंद केली. तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. ते हात बघून कुणालाही वाटलं असतं की हा माणूस काहीही उचलेल.

"कोणता ग तो?" त्यानं शेवटी विचारलं.

"रेड विलो."

"मला तो आवडायचा ना?"

"तू सीटवर उभा राहायचास."

त्यानं फोन काढून तिथूनच डॉक्टरांना लावला. पलीकडचं बोलणं व्हर्नाला ऐकू येत नव्हतं, पण डॉक्टर काय म्हणत असतील ते कळत होतं. मार्क तर वाढलेत, काळजीचं कारण नाही. क्लेटन ऐकून घेत होता. मग म्हणाला, "ऑगस्टमधले मार्क खोटे आहेत, डॉक्टर. नाही, एकट्यानं नाही केलं. माझी आई चौथीला शिकवायची." त्यानं फोन तिच्यापुढे धरला. व्हर्नानं तो घेतला आणि सगळं कबूल केलं, सत्तेचाळीसच्या जागी सेहेचाळीसपर्यंत. डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "बाई, आणखी कुणाला शिकवलंत?"

घरी जाताना गाडी तिनं चालवली.

नव्या परीक्षेनंतर क्लेटनला पुन्हा मैदानावर सोडलं नाही. संघानं चार ओळींचं पत्रक काढलं, त्यात अष्टपैलू हा शब्द तीनदा होता. त्याच्या जागी तीन माणसं घेतली. पुढच्याच महिन्यात संघाला एक यार्ड जमीन हवी होती, ती मिळाली नाही, आणि मुख्य प्रशिक्षक पत्रकारांना म्हणाला की चांगला फुलबॅक हल्ली मिळतच नाही.

क्लेटन गावी परत आला. डोकं दुखायचं, उजेड सोसायचा नाही. उन्हाळ्यापर्यंत पुष्कळ उतार पडला. गावच्या उत्सवाआधी आठवडाभर मिलो पेसेक अंगणात येऊन उभा राहिला. क्लेटन टोपी डोळ्यांवर ओढून पायरीवर बसला होता, शेजारी व्हर्ना.

"मंडप घालायचाय," मिलो म्हणाला. "मिरवणुकीतला रथ ओढायला कुणीतरी हवं. शाळेच्या पोरांना शिकवायलाही विचारताहेत. मी म्हटलं, क्लेटनला सांगा."

"नाही, मिलोकाका," क्लेटन म्हणाला.

मिलोला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "मंडप तरी."

"नाही."

मिलोनं व्हर्नाकडे पाहिलं. पोरगं ऐकत नसलं की गावात लोक असंच तिच्याकडे पाहत, आणि ती एक शब्द टाकी, की काम होऊन जाई.

"नाही म्हणालाय ना तो," व्हर्ना म्हणाली. "कोलाचे खाणार?"

मिलो दोन कोलाचे खाऊन, मान हलवत गेला. उत्सवासाठी बाहेरगावच्या गाड्या यायला लागल्या होत्या. एक निळी गाडी हळूहळू घरासमोरून चालली, पाटीवर सदुसष्ट. क्लेटननं टोपी वर केली. त्यानं आईच्या तोंडाकडे पाहिलं नाही, गाडीकडेच पाहत राहिला, ओठ हलत होते. व्हर्नाला उत्तर माहीत होतं. ती कोलाच्यावरची खसखस बोटानं टिपत बसली. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्याला वेळ होता, आणि त्यानंतरही होता.