साहेबांचं नाक

कर्णिक साहेब ग्लासात आधी नाक घालत, मग तोंड. या दोन क्रियांमध्ये इतका वेळ जाई की डोंबिवलीच्या त्यांच्या हॉलमध्ये बसलेल्या आम्हा पाहुण्यांची भजी गार होत. मग डोळे मिटून ते सांगत, "ओल्या लाकडाचा वास येतोय." आम्हाला भज्यांचाच येत असे. पण ठाण्याच्या कचेरीत साहेब बारा वर्षं माझे वरिष्ठ होते, त्यामुळे मला लाकडाचाही येई.

निवृत्तीपर्यंत त्यांनी थेंबाला स्पर्श केला नव्हता. मग मुलाने फ्रान्सची सहल घडवली आणि ते तज्ज्ञ होऊनच परतले. "वाइन पिणारे पुष्कळ, वाचणारा एखादाच," असं ते म्हणत, आणि तो एखादा कोण हे विचारायची गरज नसे. सुलभावहिनींना ते पाव ग्लासच देत. जास्त दिली तर फुकट जाते, असं त्यांचं मत.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या आग्रहावरून आम्ही नवरा-बायको त्या दोघांबरोबर जॉर्जिया देशात गेलो. तिथल्या काखेती भागात घरोघरी द्राक्षांचे मांडव आणि घरोघरी वाइन. साहेबांनी त्यासाठी खास कोट घातला होता. ज्यांच्याकडे गेलो त्या म्हाताऱ्या बाईंचं नाव होतं नाना. त्या रबरी चपला घालून टोमॅटो चिरत बसल्या होत्या. आम्हाला पाहून उठल्या, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या मातीच्या रांजणाचं झाकण सरकवलं आणि आतली वाइन काढून पाण्याच्या साध्या ग्लासांत ओतली.

साहेबांनी ग्लास उजेडात धरला, फिरवला आणि नाक घातलं. नानांचा चेहरा उतरला. त्यांचा भाचाच आमचा ड्रायव्हर आणि दुभाषी होता. त्याने संकोचत विचारलं, "मावशी विचारतेय, खराब झालीय का?"

आपण सुगंधाचा अभ्यास करतोय, असं साहेबांनी त्याला समजावलं. ते भाषांतरात कसं पोचलं कोण जाणे. नानांनी त्यांच्या हातातला ग्लास काढून घेतला, अंगणात ओतला आणि दुसऱ्या रांजणातली वाइन आणून दिली. साहेबांनी तीही हुंगली. आता मात्र नानांच्या डोळ्यांत पाणी आलं.

वहिनी उठल्या. नवऱ्याच्या हातातून ग्लास घेतला, एका दमात संपवला आणि पुन्हा पुढे केला. "छान झालीय हो," त्या चक्क मराठीत म्हणाल्या. नानांनी त्यांना मिठी मारली, शेजारी बसवलं, गरम पाव मोडून दिला. जेवण होईपर्यंत दोघी आपापल्या भाषेत बोलत राहिल्या. साहेब कोट घालून टोकाला बसले होते. त्यांना नानांनी सरबत दिलं.

डोंबिवलीत आल्यावर साहेबांनी सगळ्यांना सांगितलं, की समोर जाणकार आहे हे ओळखून त्या बाईने खास दुसरा रांजण उघडला. पुढच्या वर्षी द्राक्षतोडणीला वहिनी एकट्याच काखेतीला गेल्या. त्यानंतर दरवर्षी जातात.

यंदा त्या तिकडे असताना मी साहेबांना भेटायला गेलो. वहिनी कधी येणार, असं विचारलं.

"तिला वाइनमधलं काही कळत नाही हो," साहेब म्हणाले. मग हातातला ग्लास न हुंगताच खाली ठेवला.

"पण बोलावणं तिलाच येतं."