ट्रंक कॉलच्या बाई आणि चंद्रावरचं यान

"तुमी सोता ऐकलं का?" असं विचारताना बाई मान जराशी कलती करायच्या आणि उजवा हात कानाशी न्यायच्या. धाराशिवच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी उभी नोकरी ट्रंक कॉल, म्हणजे परगावचे फोन, जोडण्यात घालवली होती. मी शेजारी राहायला आलो तेव्हा त्या निवृत्त होत्या, एकट्या राहत होत्या आणि गल्लीतल्या एकाही बातमीवर त्यांचा विश्वास नव्हता.

"उद्या नळाला पाणी येणार," असं कुणी म्हटलं की उलटतपासणी सुरू.

"कुणी सांगितलं?"

"कोपऱ्यावरच्या काकूंनी."

"त्यांना कुणी सांगितलं?"

असं विचारत विचारत त्या मूळ माणसाच्या शोधात निघायच्या. बहुतेक वेळा मूळ माणूस सापडतच नसे. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल. त्याला लांबून पाहिलं की आपण रस्ता बदलतो. मीही बदलायचो.

पण मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे आभाळातल्या बातम्यांचा जाब माझ्याकडे. चंद्रावर देशांनी कसं वागावं, याच्या करारावर आपणही सही केल्याचं मी त्यांना कौतुकानं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "चंद्राच्या बाजूनं सही कुणी केली?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "न्हाय, इचारते. आमच्या भावकीत वाटणी अशीच झाली. सगळे हजर होते, ज्याचं वावर होतं तोच तेवढा नव्हता."

आपलं यान चंद्रावर उतरायचं त्या संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावला होता. बाईंना मीच आग्रह करून नेलं. यान खाली खाली आलं, टेकलं आणि सगळा हॉल उभा राहून ओरडायला लागला. बाई बसूनच. माझी बाही ओढून म्हणाल्या, "सर, हे चित्र काढलेलं हाय. उतरताना बाजूनं फोटो घ्यायला कोण जाऊन बसलंय तिथं?"

"बाई, यानाकडून आकडे येतात. त्यांवरून संगणक चित्र दाखवतो. आकडे खरे आहेत."

"मग चित्राखाली तसं लिवावं."

"आजच्या दिवशी तरी शंका नको!" माझा आवाज चढला. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. बाई उठल्या आणि एकट्याच चालत घरी गेल्या. पेढेसुद्धा घेतले नाहीत.

नंतर काही दिवस आम्ही बोललो नाही. मग एका सकाळी त्याच माझ्या दारात उभ्या. यानाला झोपवल्याची बातमी त्यांनी वाचली होती. चंद्रावर रात्र झाली होती. तिथली रात्र आपल्या पंधरवड्याएवढी आणि थंडी भयंकर. पुन्हा ऊन पडलं की यान जागं होतं का, ते बघणार होते.

"उठंल का?" बाईंनी विचारलं.

"सांगता येत नाही."

"हे बरं बोललात," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच माझ्या घरात चहा प्यायल्या.

चंद्रावर ऊन पडलं. इकडून संदेश जायला लागले. तिकडून काहीच येईना. बाई रोज विचारायला यायच्या. एकदा मी समजूत घातली, "त्याचं काम तर झालंय. एवढ्याच दिवसांसाठी केलं होतं ते."

"ते ऱ्हाऊ द्या. हाका मारायलेत का अजून?"

"हो."

"मारू द्या," त्या म्हणाल्या. मग त्यांनी जे सांगितलं, ते मी कधीच ऐकलं नव्हतं.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या दिवशी सकाळी बाई एक्स्चेंजच्या बोर्डावर होत्या. लोहारा-उमरग्याकडच्या कितीतरी गावांच्या लाईन मुक्या. पुण्याहून एक माणूस सारखा फोन करत होता. त्याची आई तिकडच्या एका गावात एकटी होती. बाई त्या गावाला रिंग देत राहिल्या. मधूनच कुणीतरी लाईनवर आलं आणि म्हणालं, तिकडं सगळं ठीक हाय. कोण, कुठून, हे विचारायच्या आत लाईन गेली. बाईंनी तेच पुण्याला सांगितलं. माणसाला धीर आला. तो त्या दिवशी निघाला नाही.

"मग?" मी विचारलं.

"नंतर आला. हापिसाच्या खिडकीपाशी हुबा राहिला. आई गेली म्हणाला. ढिगाऱ्याखाली बराच वेळ जित्ती हुती म्हणं. भांडला न्हाय, काय न्हाय. एवढंच इचारलं, बाई, तुम्ही सोता ऐकलं होतं का?"

बाईंनी पदरानं चष्मा पुसला. त्यांना रस्त्यात पाहून वळायचं मी त्या दिवसापासून सोडलं.

यान उठलं नाही. पुढच्या वर्षी परदेशातल्या एका कंपनीचं यान चंद्रावर उतरलं. उभंच आहे, अशी पहिली बातमी आली. मी ती बाईंना सांगितली नाही, थांबलो. मग कळलं की ते कलंडलंय. तेव्हा गेलो.

"आडवं पडलंय. पण संदेश येतायत."

बाईंचा चेहरा एकदम उजळला. "आडवं पडून बोलायलंय?"

"हो."

"आन् इकडं ऐकायला माणूस बसलाय?"

"बसलाय."

"मग लई झालं, सर."

गेल्या उन्हाळ्यात त्यांची मुलगी त्यांना सोलापूरला घेऊन गेली. काही महिन्यांनी गल्लीच्या ग्रुपवर बाई गेल्याचा निरोप आला. खाली भराभर हात जोडलेली चित्रं उमटली. मी काहीच टाकलं नाही. सकाळची एसटी धरली.

मुलीनं दार उघडलं. खरंच होतं.

तिनं पाणी दिलं. आईला शेवटी ऐकू येत नव्हतं म्हणाली. कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागायचं. "एक दिवस मला म्हणाली, चंद्रावरचं ते उठलं का गं? मला काही माहीत नव्हतं, सर. तिला बरं वाटावं म्हणून मी ओरडून सांगितलं, उठलं, उत्तर आलंय."

"मग?"

"माझ्याकडं बघत राहिली. मग माझ्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, खोटं बोलायलीस. पण अजून एकदा सांग."