पांढरा भात

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे लुगडं पिळणं. रंगूनच्या एका धानाच्या गिरणीत आम्ही कामाला होतो. बराकीच्या मागं नळ होता, तिथं धुणं. नऊवारी लुगडं ओलं झालं की एकट्या बाईला पिळवत नाही. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. ती तिकडून पीळ देई, मी इकडून. लग्न झाल्यापासून असंच चाललं होतं. त्या सकाळी टोक तिच्या हातातून तीनदा सुटलं. तिसऱ्यांदा लुगडं चिखलात पडलं.

"हातात जीव नायी का तुह्या?" मी खेकसलो.

"मुंग्या आल्या जी. धरलं का नायी धरलं, समजूनच नायी राह्यलं."

"कामाचं नाव काढलं का तुले मुंग्या येतेत."

हे मी बोललो. ऐकणारी ती एकटीच होती, म्हणून इथं लिहून ठेवतो.

आम्ही तिरोड्याकडले. धान रोवणारी, धान कापणारी माणसं. गोंदियाहून रेल्वेनं कलकत्ता, तिथून बोटीनं रंगून. नव्या मुलखात माणूस कसा रुळतो ते मला कोणी विचारलं तर सांगतो, पोटापासून रुळतो. सहा महिन्यांत मी लुंगी नेसू लागलो, गिरणीतली मोडकी हिंदी बोलू लागलो. सडवलेल्या मासळीच्या चटणीचा वास आला की ती आधी नाकाला पदर लावी. मग तोही सुटला. बर्मी बायांना चिरूट ओढताना पाहून पहिल्यांदा लगीत, पोट धरून हसली. पुढं त्यांच्याच शेजारी बसून भाजी निवडायची.

पण मी खरा भाळलो तो भातावर. गिरणीतला तांदूळ यंत्रात घासून घासून पांढरा केलेला. दाण्याला रेघ नाही, डाग नाही. आमच्याकडं असा भात मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या घरी, तोही पाहुणा आला तर. आम्ही घरी कांडलेला तांबूस तांदूळ खायचो, कोंड्यासकट. इथं मात्र दोन वेळा पांढरा भात. ताटावर बसलो की मी म्हणायचो, "पाह्य, मालगुजारीनबाई, जेव."

ती म्हणायची, "तोंडात का पडलं तेबी समजत नायी. जी, एक उखळ आना न. धान आनू, मी कांडीन."

"समुद्र ओलांडून आलो, आन तू अथीबी मुसळच मारशील का?"

उखळ मी आणलं नाही. आणणं काही अवघड नव्हतं. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

शेजारच्या खोलीत एक तेलुगू म्हातारी राहायची. ती लोकं उसना तांदूळ खात, म्हणजे धान आधी उकडून वाळवून मग कांडलेला. पिवळट, वासाचा. माझ्या बायकोचे पाय सुजलेले पाहून म्हातारी एक दिवस वाडगाभर तसला भात घेऊन आली. म्हणाली, "बेटा, ये खिलाओ. सफेद वाला मत खिलाओ, पाँव सूजता है."

मी म्हणालो, "हमको भीख नहीं होना." वाडगा तसाच परत दिला. बायको त्या वाडग्याकडं पाहत राहिली.

लुगडं पिळलं त्या दिवशी दुपारी ती धापा टाकायला लागली. बसवलं तरी धाप, निजवलं तरी धाप. हातगाडीवर घालून दवाखान्यात नेली. मी गाडी ओढत होतो आणि ती मागून म्हणत होती, "हळू जी, हळू." दिवस मावळायच्या आत गेली.

तिथल्या कंपाउंडरनं मला विचारलं, "कौन सा चावल खाते थे?"

मी सांगितलं, पांढरा. त्या वेळीसुद्धा थोडं ताठ मानेनंच सांगितलं.

तो म्हणाला, ताकद कोंड्यात असते, ती तुमची गिरणी काढून टाकते. उसन्यात ती उकडतानाच दाण्यात मुरते, तो खाल्ला असता तर जगली असती. गिरणीत माझं काम कोंडा वाहायचं होतं. यंत्राखालून टोपल्या भरायच्या आणि बाहेर नेऊन ढीग घालायचा. दोन वर्षं मी तिचं औषध डोक्यावर वाहिलं आणि फेकलं. हे मी त्याला सांगितलं नाही. काय सांगणार? धान पिकवणाऱ्या घरची बाई भात खाऊन मेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीचा भोंगा वाजला. मी कामावर गेलो नाही, धक्क्यावर गेलो. कलकत्त्याची बोट लागली होती. माणसं उतरत होती, गाठोडी, पोरं, डबे. आपल्याकडली बोली ऐकू येते का म्हणून मी नुसता कान देऊन उभा होतो. तेवढ्यात एक बाई नवऱ्याला म्हणाली, "अवं, आता कुठं जाऊन राह्यलो आपून?"

मी पुढं झालो. "कुठले गा तुमी?"

"सडक अर्जुनीकडले," नवरा म्हणाला. मग चमकून हसला. "तुमीबी आपल्याच कडले का?"

"गिरणीत जाऊन राह्यले न? पांढरा भात खाऊ नका."

तो आणखीच हसला. "त्याच्यासाठीच त आलो, भाऊ. काऊन खाऊ नये?"

"माही बायको काल मेली."

त्याचं हसणं थांबलं. बाईनं पदर सावरला. "कायनं मेली जी?"

"भातानं."

दोघं एकमेकांकडं पाहू लागली. येडा समजली असतील. तिकडून मुकादम ओरडला, "चलो, चलो!" नवऱ्यानं बाईला कोपरानं ढोसलं, पण बाई हलली नाही.

"मंग का खावावं?" तिनं विचारलं.

मी तिच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवून माझ्या डोक्यावर घेतलं आणि उसना तांदूळ विकणाऱ्याच्या दुकानापर्यंत त्यांच्यासंगं गेलो.