धुऱ्यावरचा दुपट्टा

तन्मय आणि सानिका, हे मी तुम्हाला आताच का लिहिते आहे, ते आधी सांगते. भाद्रपदात एकाच आठवड्यात आपल्याकडे दोन फोन आले. पहिला तन्मयचा, तिकडून परदेशातून. मित्राचे वडील हरणाच्या शिकारीला नेणार आहेत, उभ्या मक्यात, रीतसर परवाना काढून... "आजी, जाऊ का?" मी म्हटलं, आजोबांना विचारून सांगते. आजोबांना विचारायच्या आतच दुसरा फोन आला. पांढुर्ण्याहून, बापूआजोबा गेल्याचा. तुमचे आजोबा तेव्हा ओसरीवर दाढी करत होते. त्यांनी अर्ध्या गालावरचा साबण तसाच पुसला आणि म्हणाले, "चाल, बापू गेला." उरलेली दाढी त्यांनी तेरवीपर्यंत केली नाही. तन्मयचा प्रश्न राहून गेला. त्याचं उत्तर आणि बापूआजोबांची आठवण या माझ्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, म्हणून एकत्रच लिहिते.

तुम्ही बापूआजोबांना लग्नाकार्यातच पाहिलंत. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसणारे, जेवताना मान वर न करणारे, पांढुर्ण्यात मोटरपंप दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ. मी पाहिलेला माणूस वेगळा होता. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, लग्न होऊन रामाकोन्याजवळच्या आपल्या घरी आले, तेव्हा सगळ्यात आधी माझ्याशी बोलले ते माझे हे धाकटे दीर. मी स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवली, तर बापूभाऊजी दारातून वाकून म्हणाले, "वहिनी, दादाच्या पाठीवर बी एक चिठ्ठी लावून द्या. नाहीतर जत्रेत दुसऱ्याच्याच नवऱ्याले घेऊन येसान घरी." सगळं घर हसलं. मीही हसले, आणि त्या हसण्यामुळेच मी त्या घरची झाले असं मला अजून वाटतं.

आपलं शेत जंगलाच्या कडेला. कपाशी, संत्र्याची थोडी झाडं, आणि रस्त्याकडच्या तुकड्यात मका. मका डोक्याच्या वर गेला की चितळं आणि रानडुकरं त्यात शिरत, आणि दाण्यात दूध भरल्यावर तर एका पहाटेत ओळीच्या ओळी आडव्या होत. पिकाच्या राखणीसाठी म्हणून सासऱ्यांच्या वेळेपासून घरात एक परवान्याची बंदूक होती. हरणं मारायला कायद्यानं बंदी आली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी ते उच्चारत नव्हतं. मीही नाही. चितळ पडलं की शेजारीपाजारी वाटे जात, दोन दिवस गल्लीत मसाल्याचा वास असे, आणि भाऊजींच्या नावाचा गजर. हे सगळं आज बरोबर वाटत नाही, पण तेव्हा आनंदाचं होतं. ते लपवून लिहिलं तर लिहिण्यात अर्थ नाही.

उभ्या मक्यातली शिकार ही भाऊजींची खास विद्या. ते मला सांगत, मीही शाळेत इंग्रजी शिकवणारी बाई, वही घेतल्यासारखी ऐके. ओळीतून सरळ चालायचं नाही, ओळी आडव्या कापत जायचं. आधी पानांमधून फक्त डोकं काढायचं, डावीकडे पाहायचं, उजवीकडे पाहायचं, मग पाऊल, मग पुढची ओळ. आणि दिवस वाऱ्याचा हवा. "हवा सुटली का मक्का बोलते, वहिनी. पूरा वावर सळसळून राहते. मंग हरणाले आपला पाय काय ऐकू येईन? हात लावता येईन इतक्या जवळ जाता येते." हा त्यातला फायदा. धोकाही तोच होता. ज्या वाऱ्यात हरणाला माणूस ऐकू येत नाही, त्या वाऱ्यात माणसालाही माणूस ऐकू येत नाही, आणि दोनचार ओळींपलीकडचं दिसत तर नाहीच. म्हणून आपल्या घरचा एक नियम होता. मक्यात एका वेळी एकच माणूस. जो आत जाईल त्यानं धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या बाभळीला आपला दुपट्टा, खांद्यावरचा पंचा, बांधायचा. बाहेरच्यानं दुपट्टा पाहिला की आतला बाहेर येईपर्यंत धुऱ्यावरच बसून राहायचं. मग काम कोणाचंही असो. "तुमच्या डब्यावरची चिठ्ठी, तसा आमचा दुपट्टा," भाऊजी म्हणत.

तुम्हाला, तुमच्या बाबांना, सगळ्यांनाच आम्ही सांगत आलो की आजोबांचा पाय बैलानं तुडवला. तसं नाही.

दसऱ्याच्या पुढेमागे, भर दुपारी, मोठा वारा होता. तुमचे बाबा तेव्हा रांगत होते. आजोबा चार कणसं भाजायला तोडून आणतो म्हणून मक्यात गेले. चार कणसांसाठी गाठ कशाला मारायची, म्हणून दुपट्टा बाभळीवर नुसता टाकला. तो वाऱ्यानं उडाला, नंतर शेजारच्या कपाशीत सापडला. मागून भाऊजी बंदूक घेऊन आले, बाभळीकडे पाहिलं, फांदी मोकळी होती. ते आत शिरले. नेहमीसारखं ओळी कापत गेले, आणि पानांआड काहीतरी तपकिरी हललं... तो आजोबांचा सदरा होता.

छर्रे गुडघ्यात आणि मांडीत गेले. भाऊजींनी त्यांना पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत एकच बोलत होते, "म्या पाह्यलं नाही. दादा, म्या पाह्यलंच नाही." आजोबा त्या अवस्थेत त्यांच्यावर ओरडले, "गाठ म्या नाही मारली, तू कायले रडून राहिला!" पोलिसांनाही त्यांनी तेच सांगितलं. बंदूक जमा झाली, ती परत आणायला कोणी गेलं नाही. पाय वाचला, पण सरळ झाला नाही. आजोबा बरे होऊन अंगणात पहिल्यांदा चालले, तेव्हा भाऊजी गोठ्याच्या दाराशी उभे होते. ते पाऊल त्यांनी पाहिलं, आणि वर्ष उलटायच्या आत कुसुमला, म्हणजे माझ्या जाऊबाईला घेऊन पांढुर्ण्याला सासुरवाडीजवळ राहायला गेले. भांडण नाही, वाटणी नाही. हिश्शाचं धान्य पाठवलं तर घेत. लग्नात भेटले तर पावसाचं बोलत. पण शेतावर पाऊल ठेवलं नाही. आजोबा प्रत्येक भेटीत म्हणत, "ये ना एकदा वावरात." ते म्हणत, "येतो, येतो." मी कुसुमला म्हणायची, तू तरी आण. ती म्हणायची, "ताई, नाव काढलं का जेवणावरून उठून जाते ते."

आजोबांनी दुसरं पीक घ्यावं असं मी कितीदा म्हटलं. त्यांनी त्या तुकड्यात दरवर्षी मकाच पेरला. म्हणाले, बंद केला तर बापूला वाटेल, दादानं मनात ठेवलं. आणि मका डोक्याएवढा झाला की ते बाभळीला दुपट्टा बांधत, दुहेरी गाठ मारून, आणि कापणीपर्यंत सोडत नसत. आत कोणी असो वा नसो. मी एकदा विचारलं, रिकाम्या शेताला हे कशाला? "आता नाही उडणार," एवढंच म्हणाले. मग मी विचारायचं सोडलं. एखादी गोष्ट जागच्या जागी बांधलेली असली की मला बरंच वाटतं. तो माझा स्वभाव.

तेरवीला आम्ही पांढुर्ण्यात होतो. पाहुणे गेल्यावर कुसुमनं आम्हा दोघांना आत बोलावलं. भाऊजींची खाट उभी करून ठेवली होती. खाटेची जागा रिकामी सोडून आम्ही भिंतीकडेनं बसलो. ती आजोबांना म्हणाली, "दादा, हे आले होते तुमच्या वावरात. तुम्हाले मालूमच नाही." आजोबांनी कानाला हात लावला, पुन्हा सांग म्हणून.

दोनतीन वर्षांपूर्वी, छातीच्या दुखण्यातून उठल्यावर, भाऊजी कोणाला न सांगता बसनं आले होते. घरी सगळ्यांच्या देखत नको, दादा वावरात एकटा भेटेल, म्हणून रस्त्यावरच उतरून धुऱ्यापर्यंत गेले. मका उभा होता आणि बाभळीला दुपट्टा बांधलेला होता. "मले म्हणाले, दादा आत होता. म्हणून बसलो. दोनदा आवाज देल्ला, पण हवा होती, ऐकू नसन गेला. आत कसा जाऊ?" दुपार टळेपर्यंत ते धुऱ्यावर बसून राहिले. मग शेवटची बस चुकेल म्हणून उठले. कुसुम म्हणाली, "म्या म्हटलं, येडे का तुम्ही, घरी जायचं होतं ना! तर म्हणाले, दुपट्टा होता."

आत कोणी नव्हतं. आम्ही दोघं तेव्हा बहुधा सौंसरला असू, गुडघ्याच्या डॉक्टरांकडे, नाहीतर बाजारात. त्या वर्षांत आमच्या अशा किती फेऱ्या झाल्या. मला नेमका दिवस आठवत नाही, आणि न आठवणं मला फार जड जातं. आजोबांनी कुसुमला विचारलं, "पाणी होतं का त्याच्याजवळ?" तिला ते ठाऊक नव्हतं.

परत आलो त्या सकाळी आजोबा चहा न घेताच शेताकडे निघाले. मी मागोमाग गेले. पावसानं गाठ आवळून लाकडासारखी झाली होती. मी म्हटलं, विळा आणते, कापून टाकू. "कापाचा नाही," ते म्हणाले, आणि नखांनी, मग दातांनी, गाठ सोडवत बसले. ऊन चढलं तेव्हा ती सुटली. दुपट्टा त्यांनी खांद्यावर टाकला, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बस तू इथं. मी आत जाऊन येतो." मी बसले. मका त्यांच्या मागे मिटला. वारा होता, पानं वाजत होती, आणि त्यांच्या त्या वाकड्या पावलाचा आवाज मला दोन ओळींनंतर येईना. मी धुऱ्यावर बसून राहिले, आणि भाऊजी कुठे बसले असतील तो दगड शोधत राहिले... आजोबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात कणसं होती. डोळ्यांचं मी काही विचारलं नाही.

तन्मय, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "त्याले म्हणावं, मक्यात काही हललं तर आधी नाव घेऊन हाक मार. हरीण पळून जाईन. जाऊ दे." म्हणजे शिकार होणारच नाही, असं मी म्हटलं. ते म्हणाले, हो.

मका आता कापून झाला आहे. दुपट्टा मी धुऊन कपाटात ठेवला, आणि त्याला चिठ्ठी लावलेली नाही. बाभूळ धुऱ्यावर आहे. तिच्या खालच्या फांदीला गाठीचा वळ पडला आहे, तो आहे.